मराठी ओवीतील परदेशी सृष्टिकथा : फादर स्टीफन्स

चैत्र शुद्ध प्रतिपदेस ब्रह्मदेवाने सृष्टीस आरंभ केला, या श्रद्धेने आज घरोघर गुढी उभारली जाईल, कडुनिंबाचा प्रसाद वाटला जाईल, पंचांगाचे वाचन होईल. या दिवशी सृष्ट्युत्पत्तीचे आख्यान लावावे असा आमचा परिपाठ आहे. परंतु मराठी ओवीत सृष्ट्युत्पत्ती गाणारा एक कवी असाही होऊन गेला की ज्याचे घर विलायतेत, धर्म ख्रिस्ती आणि कथेचे मूळ यहुद्यांच्या धर्मग्रंथात. त्याचे चरित्र आमच्या श्रोत्यांच्या कानी क्वचितच पडते. ते आज सांगावे असे योजिले आहे.

पुण्याच्या शनिवार पेठेत मुठेच्या काठी, ओंकारेश्वराच्या आवारात, चिमाजीअप्पांची समाधी आहे. १७३९ साली वसई जिंकून उत्तर कोकणातील फिरंग्यांचा अंमल ज्यांनी मोडला तेच हे अप्पा. त्या समाधीपुढे हात जोडणाऱ्या भाविकास, फिरंगी अमलाखाली राहिलेल्या पाद्र्याचे चरित्र ऐकणे रुचेलच असे नाही. आम्हीही ते गोड करून सांगणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांची कथा आपल्या पाडलेल्या देवळांच्या कथेस वळसा घालून सांगता येण्यासारखी नाही.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी, १५४९च्या सुमारास झाला. त्यांच्या तारुण्यात राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि रोमच्या पोपास मानणाऱ्यांना त्या राज्यात उघडपणे उपासना करण्याची सोय उरली नव्हती. टॉमस पाउंड नावाचा त्यांचा जिवलग मित्र धर्मापायी कैदेत पडला. त्याची पुढील कित्येक वर्षे तुरुंगातच गेली. स्टीफन्स निसटून रोमला गेले व १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. १५७९च्या एप्रिलात लिस्बनहून गलबतात बसून ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले. हिंदुस्थानात येऊन कायमचे राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांची गणना होते. पुढली चाळीस वर्षे त्यांनी याच भूमीत काढली. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

त्यांचा मुक्काम मुख्यतः गोव्यातील साष्टी प्रांतात. मुंबई-ठाण्याकडील साष्टी ती ही नव्हे; मडगाव, राचोल, कुंकळ्ळी ही गावे ज्या साष्टीत येतात ती ही. ते तेथे येण्यापूर्वी बारा वर्षे, १५६७ साली, त्या एका प्रांतातली शेकडो देवळे जमीनदोस्त करण्यात आली होती. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी रातोरात नदीपार नेली, ती आज अनुक्रमे मंगेशी व कवळे येथे नांदत आहेत. पोथ्या जप्त झाल्या. पुराण सांगणाऱ्याची वाणी बंद पडली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. धर्म पाळण्यासाठी स्वदेश सोडणारा मनुष्य ज्या राज्यात येऊन राहिला, त्या राज्यात इतरांना त्याच कारणास्तव घरे सोडावी लागत होती! हा विपर्यास त्यांच्या मनास कधी टोचला असेल काय, हे त्यांच्या ग्रंथावरून कळत नाही.

मात्र एक गोष्ट त्यांनी ओळखली. ज्यांचे पुराण गेले त्यांचा कान उपाशी राहतो, ही ती गोष्ट. ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभीच नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विनवतो की, जुनी पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही तसेच द्या. हा प्रसंग कवीने स्वतः घातला आहे, म्हणून आम्हांस तो मोलाचा वाटतो. एका वाक्यात साष्टीचे दुःख आणि ग्रंथाचा हेतू दोन्ही आले.

स्टीफन्स यांनी मराठी शिकावी तरी किती? ज्या काळात पैठणला नाथमहाराज ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते, त्याच काळात हा परदेशी साष्टीत ओवीचे वळण गिरवीत होता. १५८३ साली भावास धाडलेल्या पत्रात, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स यांचे संस्कृतविषयीचे प्रसिद्ध भाषण १७८६चे, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी झालेले. आम्हां संस्कृत पढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावयास हवे.

ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पहिले पुराण व दुसरे पुराण असे त्याचे दोन भाग असून ओव्या सुमारे अकरा हजार आहेत. दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. पहिला भाग यहुद्यांच्या प्राचीन ग्रंथावर आधारलेला असून सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदिमानवाची चूक, जलप्रलय, मोशे, दावीद राजा हे सारे त्यात येते. आरंभी मराठी भाषेचे स्तवन आहे, रत्नांशी, फुलांशी, सुगंधाशी तिची तुलना करणारे. ते स्तवन शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचले, मागची कथा मात्र तेथेच राहिली.

आता त्या कथेकडे वळू. परमेश्वराने सहा दिवसांत विश्व निर्मिले, आणि ते कशातून? तर कशातूनही नाही, केवळ आज्ञेने. आमच्या शास्त्रात हे बसत नाही. कार्य कारणात आधीच असते, मातीवाचून घट नाही, असतातून सत् येईल कसे, असा उपनिषदाचा प्रश्न आहे. नासदीय सूक्ताचा ऋषी तर याही पुढे जाऊन, हे कोणास ठाऊक आहे, असे विचारून थांबतो. स्टीफन्स यांनी आपला सिद्धांत सोडला नाही, शब्द मात्र आपले घेतले. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात, उद्धारास मोक्ष, संतास भक्त. या वैकुंठातला एक परम तेजस्वी दूत गर्वाने फुगला आणि आपल्या सोबत्यांसह खाली कोसळला.

हे ऐकताच आमच्या श्रोत्यास जयविजय आठवतील. तेही वैकुंठाचे द्वारपाल, तेही उन्मत्तपणे वागून पडले. पण त्यांना तीन जन्मांनंतर परतीची वाट होती. भगवंत त्यांना मारण्यास आला तोच मुळी घरी नेण्यास. ख्रिस्तपुराणातील पतित दूतास परत येणे नाही. वैकुंठ हा शब्द आला, परतीची वाट आली नाही. दोन धर्मांतील अंतर कोठे आहे असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही मूर्तीकडे बोट न दाखवता या ठिकाणी दाखवू.

गंमत अशी की यहुद्यांच्याच एका गूढ परंपरेत ही वाट आहे. तिला कब्बाला म्हणतात. स्टीफन्स यांच्याच काळात, १५७२पर्यंत, गालिली प्रांतातील सफेद या डोंगराळ नगरात इसहाक लूरिया नावाचे सत्पुरुष होते. त्यांची शिकवण अशी की, अनंत परमेश्वराने सृष्टीस जागा व्हावी म्हणून आधी स्वतःस आकुंचित केले. मग त्याचे तेज पात्रांत ओतले गेले, पात्रांना ते सोसवले नाही, ती फुटली आणि ठिणग्या सर्व जगात विखुरल्या. माणसाने सत्कर्माने व प्रार्थनेने त्या वेचून पुन्हा मूळ स्थानी पोहोचवाव्यात. परमाणूपर्यंत चैतन्य भरले आहे असे मानणाऱ्यास हे परके वाटू नये. स्टीफन्स यांची कथा रोमच्या मताची. तीत ही विद्या नाही, आणि गोव्यात ती उच्चारण्याची सोयही नव्हती. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता मरणोत्तर गुप्त यहुदी ठरले आणि १५८० साली त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. स्टीफन्स यांना गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

सहा दिवसांच्या सृष्टीनंतर सातव्या दिवशी परमेश्वराने विसावा घेतला; तो दिवस शनिवार. आपल्या कोकणात तो विसावा पाळणारे बेने इस्राएल शतकानुशतके होतेच. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सृष्टीच्या जन्माशी जोडलेल्या आपल्या वर्षारंभास ते नव्याचा सण म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईत आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठी कीर्तनेही केली. पाद्रीबाबांनी पुराण घेतले, यांनी कीर्तन घेतले, आणि यांना ते घेण्यासाठी कोणाचे देऊळ पाडावे लागले नाही.

स्टीफन्स यांच्या मनात एक उणीव राहून गेली. ग्रंथ मराठी, पण छापला रोमन अक्षरांत, कारण गोव्याच्या छापखान्यात नागरी खिळे नव्हते. ते पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ साली रोमकडे मागितली होती. खिळे काही झाले नाहीत. १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली राचोललाच प्रसिद्ध झाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवरच बंदी घातली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ उरला तो हस्तलिखितांत आणि कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या पठणात. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. नागरी अक्षरांतील आवृत्ती १९५६ साली निघाली. शांताराम बंडेलू यांनी ती संपादिली आणि पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने ती छापली.