विश्लेषण : एकाच ‘पत्त्या’वर तीन उपग्रह, तरी टक्कर का होत नाही?

घरावरची डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही, कारण ती ज्या उपग्रहाकडे रोखलेली असते तो आपल्याला जागच्या जागीच दिसतो. २०१२ मध्ये ८३ अंश पूर्व रेखांशावर इन्सॅट-४ए आणि जीसॅट-१२ हे उपग्रह आधीच असताना जीसॅट-१० देखील तिथेच नेण्यात आला. असे शेजारी सांभाळण्यामागचे मूळ गणित योहानेस केप्लर यांचे.

केप्लर कोण होते?

जर्मनीतील वाइल डेर श्टाट येथे २७ डिसेंबर १५७१ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी देवी आल्याने दृष्टी अधू झाली. खगोलशास्त्रज्ञासाठी याहून वाईट काय? मात्र १६०० मध्ये ते टायको ब्राहे यांच्याकडे प्रागला गेले आणि ब्राहेंच्या अचूक नोंदी पुढे त्यांच्या हाती आल्या. मंगळाची कक्षा वर्तुळाच्या आधारे मांडताना हिशेब जेमतेम ८ कलांनी, म्हणजे अंशाच्या सातव्या भागाहूनही कमी फरकाने चुकत होता. दुसऱ्या कोणी तेवढे चालवून घेतले असते. केप्लर यांनी मांडणीच मोडीत काढली. ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असते, हे त्यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केले.

१६१५ मध्ये आई काथारिना यांच्यावर चेटकीण असल्याचा आळ आला. त्या धास्तीतच १६१८ मध्ये तिसरा नियम सापडला : फेरीच्या कालावधीचा वर्ग हा कक्षेच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पुढे आई १४ महिने कैदेत होती. केप्लर यांनी स्वतः बचाव उभा केला आणि १६२१ मध्ये ती सुटली.

उपग्रहांशी संबंध काय?

पृथ्वीच्या गतीने, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांत फेरी हवी, तर तिसऱ्या नियमानुसार उंची एकच : ३५,७८६ किलोमीटर. म्हणूनच तिथे गर्दी. कक्षा अवघी १ किलोमीटर वर गेली, तरी उपग्रह रोज सुमारे साडेनऊ किलोमीटर पश्चिमेकडे मागे पडतो. सूर्य-चंद्राची ओढ आणि पृथ्वीचा पूर्ण गोल नसलेला आकार त्याला सतत ढळवत असतात. त्यामुळे कर्नाटकातील हासन येथील इस्रोच्या केंद्रातून छोटी इंजिने चालवून त्याला पुन्हा जागेवर आणले जाते. एकाच जागेवरच्या उपग्रहांना मुद्दाम किंचित वेगळ्या लंबवर्तुळात आणि वेगळ्या कलत्या कक्षेत ठेवण्याची पद्धत आहे. एक उत्तरेला असतो तेव्हा दुसरा दक्षिणेला. इंधन संपण्याआधी निवृत्त उपग्रहाला साधारण ३०० किलोमीटर वर सोडून देतात, नाहीतर तो इतरांच्या वाटेत भरकटत राहील.

थकलेले पैसे मिळतील या आशेने रेगेन्सबुर्गला गेलेले केप्लर तिथेच आजारी पडले आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी वारले. पुढे युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली. त्यांच्या कबरीची नेमकी जागा आज कोणालाच ठाऊक नाही.