कालगणनेचे साधक केरूनाना छत्रे

काळ अखंड वाहत असतो. परंतु त्याची मोजदाद ठेवणारी साधने मनुष्याने केलेली असल्यामुळे त्यांत चूक शिरते. ही चूक शोधून सुधारण्याच्या कामी ज्यांनी आपली बुद्धी वेचली, त्या प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

केरूनानांचा जन्म १८२५ च्या सुमारास अलिबागजवळील नागाव येथे झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि कोवळ्या वयातच प्रा. आर्लिबार यांच्या हाताखाली कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ही वेधशाळा उभारली, ती आकाशाचे वेध घेण्यासाठी व जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. गणिताने आलेले उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहावे, ही शिस्त त्यांच्या अंगी येथेच बाणली. १८५१ साली ते पुण्यास अध्यापक झाले. पुढे लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांस लाभला.

त्या काळी आपल्याकडील पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून होत. हा ग्रंथ १५२० सालचा. ग्रहगतीतील अत्यल्प चूक वर्षानुवर्षे साचत गेली आणि तीन शतकांनंतर पंचांगातील ग्रह एका स्थानी, तर आकाशातील दुसऱ्या स्थानी, असे दिसू लागले. केरूनानांनी पाश्चात्य गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग होय.

हे कार्य सोपे नव्हते. तिथी बदलली की एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्ध केव्हा करावे, असे प्रश्न घरोघर उभे राहत. नवे पंचांग फार थोड्यांनी स्वीकारले. तरी केरूनाना आपल्या मतावरून ढळले नाहीत. १८८४ साली त्यांचे निधन झाले. पंचांगशुद्धीचे कार्य पुढे टिळकांनी हाती घेतले.

आज आमच्या पर्वत पाटिया परिसरात शालिवाहन शक व विक्रम संवत या दोन्ही गणना शेजारी शेजारी नांदतात, आणि घरोघरी संगणकही आहेत. अशा संगणकाच्या एकाच प्रक्रियकात अनेक गाभे असतात व प्रत्येकाजवळ ठोके मोजणारा स्वतंत्र गणक असू शकतो. हे गणक एकमेकांशी जुळले नाहीत, तर एका गाभ्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या कामास वेळ मागे सरकल्याचा भास होतो. म्हणून ते परस्परांशी जुळवावे लागतात, आणि त्यांवरून ठरणारी वेळ बाहेरच्या विश्वसनीय घड्याळाशी ताडून हळूहळू सुधारावी लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळे भारताची प्रमाणवेळ राखतात, ती याच कामी येते.

साधन बदलले, तत्त्व तेच राहिले. आपली गणना कितीही जुनी व प्रिय असो, ती वेळोवेळी सत्याशी ताडून पाहावी आणि चूक आढळताच सुधारावी, हाच धडा केरूनानांच्या चरित्रापासून आम्ही विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा आहे.