१९०९ सालीच व्हिडिओ कॉल लिहून ठेवणारा लेखक: ई. एम. फॉर्स्टर



व्हिडिओ कॉल, ऑनलाइन लेक्चर, नोटिफिकेशनचा मारा आणि मशीनने रचलेल्या कविता. हे सगळं एकाच गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट छापून आली १९०९ साली! तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता; जॉन बेअर्डने त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं ते १९२६ मध्ये. गोष्टीचं नाव 'द मशीन स्टॉप्स' आणि लेखक ई. एम. फॉर्स्टर. आज त्यांच्याबद्दल.

कोण होते फॉर्स्टर?

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आर्किटेक्ट होते, पण मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आतच ते क्षयाने गेले. आईने वाढवलं. वडिलांच्या मावशीने त्यांच्या नावावर ८,००० पौंड ठेवले होते, त्यामुळे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकता आलं आणि नोकरीच्या मागे न लागता लिहिता आलं. विषय होते प्राचीन भाषा आणि इतिहास, म्हणजे इंजिनिअरिंगशी काडीचा संबंध नाही.

त्या काळात एच. जी. वेल्स यांच्या कादंबऱ्या जोरात होत्या. यंत्रांमुळे पुढचं जग सुखी होईल, हे वेल्सनी रंगवलेलं चित्र फॉर्स्टरना पटलं नाही. त्याला उत्तर म्हणून त्यांनी ही गोष्ट लिहिली.

गोष्टीत आहे तरी काय?

माणसं जमिनीखाली, एकेकट्या खोलीत राहतात. बटण दाबलं की जेवण, संगीत, अंथरूण सगळं हजर. वाश्ती नावाच्या बाईच्या हजारो ओळखी आहेत, पण प्रत्यक्ष भेटणं तिला नकोसं वाटतं. ती खोलीत बसूनच लेक्चर देते. तीन मिनिटं ती स्वतःला 'डिस्कनेक्ट' करते. परत सुरू केल्यावर घंट्या आणि निरोपांचा नुसता पाऊस! तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो हातातल्या चकाकणाऱ्या गोल पाटीवर दिसतो, पण त्याचा हट्ट एकच: आई, तू समोर ये. चेहऱ्यावरचे बारीक भाव त्या पाटीवर दिसतच नाहीत.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतो तो शेवटचा भाग. मशीन एका झटक्यात बंद पडत नाही. आधी गाण्यात खरखर येते, मग आंघोळीच्या पाण्याला वास येतो, कवितेचं यंत्र बिघडलेली यमकं ओकायला लागतं. लोक तक्रार करतात आणि काही दिवसांनी प्रत्येक बिघाडाची सवय करून घेतात. मग कळतं की दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त आहे! प्रत्येकाला आपापला तुकडा माहीत, पण अख्खं मशीन समजणारा एकही माणूस उरलेला नाही. शेवटी सगळं थांबतं आणि त्यासोबत माणसंही संपतात. जगतात ते जमिनीवर लपूनछपून राहणारे, मशीनने बाहेर काढलेले लोक.

सॉफ्टवेअरमध्ये काम करताना मला हे रोज दिसतं. जुना कोड चालू असतो, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले असतात आणि त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. फॉर्स्टरनी स्क्रीन ओळखली यापेक्षा हा धोका ओळखला, हे मला मोठं वाटतं.

देवासची नोकरी

मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट. १९२१ मध्ये फॉर्स्टर काही महिने देवास थोरली पाती या मराठा संस्थानात, महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला आणि तो 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरला. देवासच्या आठवणी पुढे 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या पुस्तकात आल्या.

ते यंत्रांचे शत्रू होते असं समजू नका. बीबीसी रेडिओवर ते अनेक वर्षं बोलले, दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या श्रोत्यांसाठीही. नागरी हक्कांसाठी आणि पुस्तकांवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध ते उभे राहिले. ७ जून १९७० रोजी, ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तोवर इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते.

मग आपण काय करायचं?

फोन फेकून द्यायची गरज नाही. घरच्यांचे दोन-तीन नंबर तोंडपाठ ठेवा. महत्त्वाच्या फायली क्लाउडशिवाय आणखी एका जागी ठेवा. रोजचा रस्ता अधूनमधून मॅप न लावता गाठा. आणि एखादं ॲप सारखं बिघडत असेल, तर "चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका, तक्रार करा. गोष्टीतली माणसं सवय झाल्यावर गप्प बसली, आणि तिथूनच त्यांचा शेवट सुरू झाला.