संयमाचे सामर्थ्य : चित्रपती शांताराम आणि त्यांचा ‘आदिनाथ’

कोरमंगलातील केंद्रीय सदनाच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी नोकराला अधिकार म्हणजे काय, हा प्रश्न अधूनमधून पडल्याशिवाय राहत नाही. सही, शिक्का आणि चढा आवाज म्हणजेच अधिकार, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. या समजुतीला छेद देणारा एक सरकारी अधिकारी मी लहानपणी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला आणि तो आजतागायत मनातून गेलेला नाही. तो होता ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातील जेलर आदिनाथ, आणि ती भूमिका करणारे व दिग्दर्शकही असलेले चित्रपती व्ही. शांताराम. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त या थोर कलावंताचे स्मरण करावेसे वाटते.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. घरची परिस्थिती बेताची आणि शिक्षण जेमतेम. बालवयात काही काळ त्यांनी गंधर्व नाटक मंडळीत काढला. पुढे पोटासाठी ते आपल्या या कर्नाटकात, हुबळीला आले. तेथे रेल्वेच्या कारखान्यात काम केले आणि तंबूतल्या सिनेमाच्या दारावर उभे राहून चित्रपटाची पहिली ओळख करून घेतली. मग कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत ते या विद्येत पारंगत झाले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणारा तरुण शेतकरी त्यांनी रंगविला. शब्दाचा आधार नसताना केवळ चेहऱ्याने आणि नजरेने बोलावयाचे, हा धडा त्यांना तेथे मिळाला. त्याचे फळ पुढे बत्तीस वर्षांनी दिसावयाचे होते.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही नावे आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होती. यांपैकी १९३७ च्या ‘कुंकू’त त्यांनी पार्श्वसंगीत वगळून केवळ नैसर्गिक ध्वनींवर चित्रपट तोलला. म्हणजे, न वाजविण्यातही परिणाम असतो, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होते. १९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. १९४६ मध्ये सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या जीवनावरील चित्रपटात डॉक्टरांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. मात्र १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’नंतर त्यांचे नाव झगझगीत रंग, भव्य नेपथ्य आणि नृत्य यांच्याशीच जोडले जाऊ लागले. यश अमाप होते. पण त्यांच्या भडकपणावर जाणकार नाके मुरडीत, हेही तितकेच खरे.

अशा वेळी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी कृष्णधवल पडदा, ओसाड माळरान आणि सहा खुनी कैदी यांची कथा हाती घेतली. ती लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. कथेचे मूळ गदिमांच्याच मुलखात, औंध संस्थानात होते आणि त्या मुळाचा एक धागा आपल्या बेंगळुरूपर्यंत येतो. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंते १९३० च्या दशकात म्हैसूर सरकारच्या विद्युत कारखान्यात कामासाठी येथे आले होते. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या स्नेहामुळे ते औंधला गेले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच काळात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसले. तेथे कैद्यांना भिंती नव्हत्या, कुलपे नव्हती. शेती करून कुटुंबासह राहण्याची मुभा होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत म्हणजेच चित्रपटातील ‘आझादनगर’ची जन्मभूमी होय.

चित्रपटातील आदिनाथ सहा खुन्यांना तुरुंगाबाहेर आणतो, त्यांच्याबरोबर माती खणतो, त्यांच्याबरोबर राहतो. पहाऱ्याच्या जागी त्याने ठेवलेला असतो तो केवळ विश्वास. या भूमिकेत शांतारामांनी जे केले, त्यापेक्षा जे टाळले ते अधिक मोलाचे आहे. उपदेशाची संधी पावलोपावली असताना त्यांचा जेलर थोडके बोलतो. कैद्यांना बांधून ठेवणारी बेडी म्हणजे त्याची नजर. तिच्यात दरारा आहे. पण त्याच्या तळाशी माया आहे. उल्हाससारखा धिप्पाड नट समोर असताना ही मध्यम चणीची, स्थिर उभी राहणारी व्यक्ती पडदा व्यापून टाकते. चित्रपट सर्वस्वी संयत आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. संध्याबाईंच्या खेळणीवालीची गाणी आहेत, ठळक प्रतीके आहेत, बोधाचा सूरही आहे. या साऱ्याच्या मध्यभागी आदिनाथाची शांतता समईसारखी तेवत राहते.

या शांततेची किंमतही चित्रपट लपवीत नाही. स्वस्त भाजी विकणाऱ्या कैद्यांवर बाजारातील लोभी व्यापारी गुंड घालतो. हात न उचलण्याच्या वचनाला कैदी जागतात आणि अखेर उधळलेल्या बैलांना तोंड देताना आदिनाथ प्राण गमावतो. माणसावर विश्वास टाकणाऱ्याला त्याची भरपाई स्वतःला करावी लागते, हे कटू सत्य येथे कोणतीही सारवासारव न करता मांडले आहे. बैलाच्या दृश्याच्या चित्रीकरणात तर शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरच गंभीर इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून अंधारात राहावे लागले. दृष्टी परत आली, तेव्हा त्या अंधारात पाहिलेले रंग त्यांनी १९५९ च्या ‘नवरंग’मध्ये उधळले.

समीक्षकांची आणि परीक्षकांची दाद मात्र या रंगहीन चित्रपटालाच सर्वाधिक लाभली. १९५७ चे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात, फ्रँक काप्रा परीक्षक मंडळाचे प्रमुख असताना, तो रौप्य अस्वलाचा मानकरी ठरला. अमेरिकेतील गोल्डन ग्लोब सोहळ्यातही परदेशी चित्रपटांसाठीच्या सॅम्युएल गोल्डविन पुरस्काराने त्याचा गौरव झाला. ज्यांना हिंदीचा एक शब्द कळत नव्हता, त्यांनाही आदिनाथाचे डोळे कळले.

पुढे १९७२ मध्ये ‘पिंजरा’ने त्यांनी मराठी प्रेक्षकांना पुन्हा वेड लावले. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ऑक्टोबर १९९० मध्ये मुंबईत त्यांनी अखेरचा श्वास घेतला आणि १९९२ मध्ये पद्मविभूषण किताब मरणोत्तर जाहीर झाला.

आपल्या मुलांना मराठी चित्रपटसृष्टीचा परिचय करून देताना आपण बहुधा गाणी ऐकवितो. एखाद्या रविवारी सहकुटुंब हा चित्रपटही पाहावा. कोल्हापूरचा नट, माडगुळ्याचा लेखक, औंधचा राजा आणि बेंगळुरूहून गेलेला एक परदेशी अभियंता यांच्या पुण्याईतून तो उभा राहिला आहे. आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी तो दोनदा पाहावा. आवाज न चढविताही माणसे जोडता येतात, हे शिकण्यास कोणतेही वय उशिराचे नाही.