रिपोर्टमधला आकडा कधी वर, कधी खाली: हे कोडं सोडवण्यात आयुष्य घालवणारे पां. वा. सुखात्मे

समजा, रोह्यात एक काका आहेत. वय पासष्टच्या आसपास. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून डॉक्टरांनी पीएसएची रक्ततपासणी करायला सांगितली. आकडा आला 5.8. महिन्याभराने पेणला लेकीकडे गेले, तिथल्या लॅबमध्ये आला 4.3. पुढे दीड महिन्याने मुंबईत 5.4. बायोप्सी करायची की नाही, हे अजून ठरायचंय. आकडा उतरला की घरात पेढे, चढला की जेवण जात नाही.

आता प्रश्न असा, की माणूस एकच, मग आकडे तीन कसे?

याचं उत्तर समजून घ्यायला एका मराठी माणसाची गोष्ट कामाला येते. हा माणूस डॉक्टर नव्हता आणि प्रोस्टेटवर त्याने काहीच काम केलं नाही. त्याचे विषय दोन, भात आणि भूक. नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म 27 जुलै 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकले आणि थेट लंडनला गेले. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचे दिग्गज एकाच छताखाली होते. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन, येझी नेमन. 1936 मध्ये सुखात्मे पीएचडी झाले.

भारतात परतल्यावरचा एक किस्सा सांगितला जातो. बनारस हिंदू विद्यापीठात नोकरीसाठी गेले तेव्हा पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना विचारलं, की या देशातली उपासमार कमी करायला तुमच्या संख्याशास्त्राचा काय उपयोग? सुखात्मेंकडे उत्तर नव्हतं. पुढची साठ वर्षं ते उत्तर शोधत राहिले.

पहिलं काम सापडलं शेतात. पेण-रोह्याच्या भातशेतकऱ्यांना पीककापणी प्रयोग काही नवा नाही. शेताचा एक तुकडा मोजून आखायचा, तेवढंच भात कापायचं, झोडून वजन करायचं आणि त्यावरून सगळं उत्पादन काढायचं. पीकविम्याची भरपाई ठरवताना आजही हा आकडा धरला जातो.

1940 च्या दशकात प्रश्न होता, हा तुकडा केवढा घ्यायचा? प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. ते जेमतेम चार फूट त्रिज्येच्या छोट्या वर्तुळांतून पीक कापून घ्यायचे. सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असेल तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं होतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. 1946 मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. तिशीतल्या पोराने महालनोबिसांशी वाद घालणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती.

म्हणजे शेत तेच, भात तेच, पण मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. काकांच्या रिपोर्टमध्येही थोडं हेच आहे. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. ते मोजायची किट वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि एकाच रक्ताचे आकडे त्यांवर वेगळे येऊ शकतात. म्हणून रोह्याचा 5.8 आणि पेणचा 4.3 शेजारी ठेवून आजार घटला असं म्हणता येत नाही. पुन्हा तपासायचं तर शक्यतो त्याच लॅबमध्ये.

दुसरं कारण थेट शरीरातलं आहे आणि सुखात्मेंचं खरं नाव झालं ते तिथेच.

1950 च्या दशकात ते रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, एफएओमध्ये, जवळपास वीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र विभाग सांभाळला. जगात उपाशी किती, हे मोजायचं काम. तेव्हाची पद्धत अशी, की माणसाला सरासरी इतक्या कॅलरी लागतात आणि त्याखाली जो आला तो उपाशी. सुखात्मेंचा आक्षेप होता, की ठणठणीत माणसांच्या गटातही निम्मे लोक सरासरीच्या खालीच असणार. मग त्या सगळ्यांना उपाशी कसं म्हणायचं?

निवृत्तीनंतर पुण्यात येऊन त्यांनी हा विचार आणखी पुढे नेला. अमेरिकन संशोधक शेल्डन मार्गन यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की एकाच निरोगी माणसाची गरजही रोज सारखी नसते. आज कमी, उद्या जास्त. शरीर एका मर्यादेत स्वतःला सांभाळून घेतं. त्यामुळे एका दिवसाची नोंद बघून माणसावर शिक्का मारू नका.

पीएसएलाही हे लागू पडतं. काहीही बिघडलेलं नसताना तो 15-20 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीचा संसर्ग झाला, नळी घातली, दोन दिवसांत वीर्यस्खलन झालं, तरी तो वाढतो. उलट फिनास्टेराईडसारख्या गोळ्या काही महिने घेतल्या की तो साधारण निम्मा होतो. 2003 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 972 पुरुषांचा अभ्यास आला होता. 4 च्या वर आकडा गेलेल्यांपैकी 44 टक्के जणांचा आकडा पुढच्या एखाद्या तपासणीत पुन्हा मर्यादेत आला. म्हणूनच एका वाढलेल्या आकड्यावर घाई न करता डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. संसर्ग झालेला असेल तर साधारण सहा आठवडे थांबतात.

इथवर ऐकून काका खूश होतील. पण गोष्ट इथे संपत नाही.

सुखात्मेंचा सिद्धांत मानला तर कॅलरीची रेषा खाली येत होती आणि देशातल्या उपाशी माणसांचा आकडा एकदम कमी होत होता. यावर पुण्यातलेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर उभे राहिले. नीळकंठ रथ यांच्यासोबत रोज 2250 कॅलरीचा निकष धरून गरिबी मोजणारे तेच दांडेकर. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हा वाद चांगलाच रंगला. विरोधकांचं म्हणणं होतं, की चढउतार असेल तर आज खाली गेलेला माणूस उद्या वर यायला हवा. गरिबाचं ताट रोजच कमी असतं. त्याला चढउतार म्हणणं म्हणजे भूक झाकणं.

या मुद्द्यावर विरोधकांचं पारडं जड वाटतं. सुखात्मेंचा हेतू भूक लपवायचा नव्हता, पण त्यांच्या सिद्धांताचा तसा वापर होऊ शकत होता.

काकांच्या बाबतीत धोका हाच आहे. 5.8, 4.3, 5.4 हा चढउतार असू शकतो. पण त्याच लॅबमध्ये 4.3, 5.1, 6.2 असा आकडा चढतच गेला तर त्याचा अर्थ वेगळा. आणि एकदा खाली आला म्हणजे कॅन्सर नाही, असंही ठरत नाही. म्हणून डॉक्टर आकड्यासोबत बोटाने ग्रंथी तपासतात, घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का विचारतात, गरज वाटली तर एमआरआय आणि मग बायोप्सी. लक्षणं नसताना आकडा उतरवायला मनानेच अँटिबायोटिक घेण्यात अर्थ नाही. सगळे जुने रिपोर्ट तारीख, लॅब आणि चालू गोळ्यांसकट नेले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. आणि मध्येच लघवी तुंबली, लघवीतून रक्त आलं किंवा पाठदुखीसोबत पायातली ताकद गेली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

सुखात्मेंना 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं. 28 जानेवारी 1997 ला पुण्यात ते गेले. त्यांच्या नावाने केंद्र सरकारने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो दिला गेला 29 जूनला, सांख्यिकी दिनी. हा दिवस म्हणजे महालनोबिसांचा वाढदिवस.