गॅलिलिओची उतरण

फिजिक्सच्या पुस्तकात उतरणीचं गणित आलं की बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या पडतात. एक तिरकी फळी, तिच्यावर ठोकळा, खाली कोन. ठोकळा किती वेळात तळाशी पोहोचेल ते काढा. या गणितामागे चारशे वर्षांपूर्वीचा एक माणूस आहे, आणि त्याची फळी खरी होती.

गॅलिलिओ गॅलिलीचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 रोजी इटलीतल्या पिसा शहरात झाला. वडील संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. गॅलिलिओ वैद्यकशास्त्र शिकायला गेला खरा, पण त्याचं मन रमलं गणितात. 1585 मध्ये पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडलं. (आपल्याकडच्या आईवडिलांना धडकीच भरेल!) चार वर्षांनी तो त्याच विद्यापीठात गणित शिकवू लागला. 1592 पासून पुढची अठरा वर्षं तो पडुआ शहरात शिकवत होता.

एका प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. वरून सोडलेल्या वस्तूचा वेग नेमका कसा वाढतो? मोजायला जावं तर 7 मीटर उंचीवरून सोडलेला गोळा सव्वा सेकंदाच्या आतच जमिनीवर येतो. त्यात सेकंद अचूक मोजणारं घड्याळ त्या काळी नव्हतंच.

मग त्याने पडणंच मंद करायचं ठरवलं. 12 ब्राच्चो लांबीची, म्हणजे साधारण 7 मीटरची, लाकडी तुळई घेतली. ब्राच्चो म्हणजे हात. आपल्याकडेही पूर्वी लांबी हाताने मोजायचे, तसंच हे. तुळईत सरळ खाच पाडली, तिच्यात गुळगुळीत चामडी कागद लावला आणि वरून पितळेसारख्या कठीण कांस्य धातूचा गोल गोळा सोडला. पुस्तकात आपण घर्षण नाही असं समजून मोकळे होतो. त्याला ते घासून घासून कमी करावं लागलं.

आता तुळईचं एक टोक 1 ब्राच्चो वर उचललं असं धरा. लांबी 12, उंची 1. मग उताराच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचा फक्त बारावा हिस्सा गोळ्याला खेचतो. शिवाय गोळा घसरत नाही, गडगडतो. गोल फिरण्यातही थोडा जोर खर्च होतो, म्हणून त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, आणखी कमी होऊन सुमारे 5/7 उरतं. (गणितात ठोकळ्याऐवजी गोळा दिला असेल तर हे विसरू नका, हमखास मार्क जातात.) त्यामुळे तळाशी पोहोचायला जवळजवळ 5 सेकंद लागतात.

तेवढा वेळ त्याने पाण्याने मोजला. मोठ्या भांड्याच्या तळातून पाण्याची बारीक धार सोडायची, गोळा गडगडत असेपर्यंत ती पेल्यात धरायची आणि जमलेलं पाणी तराजूवर तोलायचं. जितकं पाणी जास्त, तितका वेळ जास्त. किती साधं! पूर्ण अंतर, अर्धं, पाव, असं शंभर शंभर वेळा केलं.

उत्तर सुंदर निघालं. वेळेच्या पहिल्या भागात गोळा 1 अंतर जातो, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 5, चौथ्यात 7. बेरीज करत जा: 1, 4, 9, 16. वेळ दुप्पट तर अंतर चौपट. तुळई कमी-जास्त तिरकी केली तरी हे बदललं नाही.

पुढे दुर्बीण आली, 1610 मध्ये गुरूचे चंद्र जगाला कळले, आणि नाव झालं. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणाऱ्या पुस्तकावरून 1633 मध्ये रोममध्ये चर्चने त्याच्यावर खटला चालवला. आपलं मत चूक आहे असं त्याला गुडघे टेकून सांगावं लागलं. नंतरचं सगळं आयुष्य नजरकैदेत गेलं. 1634 मध्ये त्याची लाडकी लेक मारिया चेलेस्ते वारली.

त्या दुःखाच्या काळात त्याने तीसेक वर्षांपूर्वीची ती उतरण पुन्हा लिहायला घेतली. त्याची पुस्तकं छापायला बंदी होती, म्हणून हस्तलिखित गुपचूप बाहेर गेलं आणि 1638 मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात छापलं गेलं. तोवर गॅलिलिओची दृष्टी पूर्ण गेली होती. 8 जानेवारी 1642 रोजी तो वारला.

पाण्याने इतकं अचूक मोजणं शक्यच नाही, असं नंतर काही अभ्यासकांना वाटलं. 1961 मध्ये थॉमस सेटल या संशोधकाने तशीच फळी, गोळा आणि पाण्याचं भांडं घेऊन प्रयोग करून पाहिला. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ बरोबर आली.