ब्रूस ली : नाव आणि तालीम

रहिमतपूरच्या परिसरात ज्याचे बालपण गेले, त्यास तालमीची तांबडी माती नवखी नाही. पहाटे उठून जोर-बैठका काढणारा पोर जत्रेच्या फडात उतरला, म्हणजे लोक त्याच्या वस्तादाचे नाव आदराने घेतात. परंतु प्रतिस्पर्ध्याने एकदा पट काढला, की ते नाव त्यास उभा ठेवू शकत नाही. तेथे त्याने स्वतः घेतलेली मेहनत तेवढी कामास येते. आपल्याच सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे ब्राँझ पदक मिळविले, ते अशाच मेहनतीच्या बळावर. विद्यार्थिमित्रहो, समुद्रापलीकडील एका विख्यात पुरुषाचे चरित्र आणि त्याच्या पश्चात त्याच्या नावाची झालेली गत पाहिली असता हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे मनावर ठसते.

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी झाला. त्याचे वडील ली होई-चुएन हे चिनी संगीत नाटकांतील नामांकित नट होते व त्या वेळी ते नाटकांच्या दौऱ्यावर होते. पुढील वर्षी हे कुटुंब हाँगकाँगला परतले, तोच डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्याने ते शहर जिंकून घेतले. १९४५ पर्यंत तेथे परकी लष्कराचा अंमल राहिला; ब्रूसचे शैशव त्याच धामधुमीत गेले. युद्ध संपल्यावर तो बालनट म्हणून चित्रपटांतून चमकू लागला.

शाळेत मात्र त्याचे लक्ष नव्हते. अभ्यासात मागे आणि खोड्यांत पुढे, अशी त्याची ख्याती होती. ख्रिस्ती धर्मबंधूंनी चालविलेली लासाल ही नामांकित शाळा त्यास अखेर सोडावी लागली व १९५६ साली तो सेंट फ्रान्सिस झेवियर या दुसऱ्या मिशनरी शाळेत दाखल झाला. येथील ब्रदर एडवर्ड यांनी या भांडखोर मुलाची नाडी ओळखली. रस्त्यावर मारामारी करणारे हात त्यांनी मुष्टियुद्धाच्या नियमांत आणले. १९५८ साली आंतरशालेय मुष्टियुद्धाच्या सामन्यात ब्रूसने विजय मिळविला. याच काळात तो यिप मान या गुरूंकडे विंग चुन नावाची चिनी युद्धकला शिकत होता, आणि विशेष म्हणजे त्याच वर्षी चा-चा नृत्याच्या स्पर्धेतही तो पहिला आला. पायांची चपळाई त्याने नृत्यातूनही कमावली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तरीही रस्त्यावरील भांडणे थांबेनात. तेव्हा १९५९ साली आईबापांनी त्यास अमेरिकेस रवाना केले. खिशात अवघे १०० डॉलर होते. सिएटल शहरी एका चिनी खाणावळीत वाढप्याचे काम करून तो शिकला. शालेय शिक्षण पुरे करून १९६१ साली वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. सिएटलमध्येच त्याने युद्धकला शिकविण्यास आरंभ केला. ही विद्या चिनी माणसांपुरतीच राखावी, असे मानणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. ब्रूसने तो भेद मानला नाही. त्याचा पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर हा कृष्णवर्णीय अमेरिकन होता. १९६४ साली लिंडा एमरी या शिष्येशी त्याचा विवाह झाला. १९६६ साली ‘द ग्रीन हॉर्नेट’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्यास भूमिका मिळाली, आणि १९६७ साली त्याने आपल्या स्वतंत्र पद्धतीस ‘जीत कुन दो’ हे नाव दिले. शत्रूचा प्रहार वाटेतच अडविणारी मूठ, असा त्याचा आशय आहे.

१९७० साली त्याच्या आयुष्यातील खरी कसोटी आली. वजन उचलताना पाठीस जबर दुखापत झाली. पुन्हा पूर्वीसारखी लाथ मारता येणार नाही, असे वैद्यांनी सांगितले. अनेक महिने तो अंथरुणास खिळून होता. परंतु शरीर पडून असताना त्याने मन पडू दिले नाही. युद्धकलेवरील आपले विचार त्याने वह्यांतून उतरून काढले. त्याच्या मृत्यूनंतर १९७५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हळूहळू व्यायाम करीत तो पुन्हा उभा राहिला, आणि १९७१ पासून दोन वर्षांत हाँगकाँगच्या चित्रपटांनी त्याचे नाव जगभर नेले. ‘एंटर द ड्रॅगन’ पडद्यावर झळकण्यापूर्वीच, २० जुलै १९७३ रोजी, मेंदूस सूज येऊन त्याचा अंत झाला. वय अवघे ३२ वर्षांचे! सिएटलमध्ये त्याचे दफन झाले.

माणूस गेला, परंतु नावास बाजारात मोल होते. त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावे धारण करून कित्येक नटांनी चित्रपट काढले. अपुरा राहिलेला त्याचा एक चित्रपट तोतये उभे करून पुरा करण्यात आला व १९७८ साली दाखविला गेला. पुढे संगणकावरील खेळ निघाले. १९८४ साली डेटासॉफ्ट या कंपनीने त्याच्या नावाचा एक खेळ काढला. त्यातील चित्रे म्हणजे काही ठिपके. तथापि धावणे, उडी मारणे, लाथ मारणे यांचा मेळ त्यात असा नेटका बसविला होता, की जुने खेळाडू आजही त्याची आठवण काढतात.

२००२ साली एक्सबॉक्स या यंत्रासाठी ‘ब्रूस ली : क्वेस्ट ऑफ द ड्रॅगन’ हा नवा खेळ आला. नाव व रूप वापरण्याचा परवाना होता, यंत्र कितीतरी पटींनी शक्तिमान होते, चेहराही हुबेहूब करण्याचा प्रयत्न होता. तरीही जाणत्यांनी त्याची निराशेने संभावना केली. लढाईत तोचतोपणा होता. हातातील कळ आणि पडद्यावरील हालचाल यांचा मेळ नीट बसत नव्हता. दृश्य भलत्याच बाजूने दिसे. ज्याच्या अंगी विजेची चपळाई होती, त्याच्या नावाचा हा खेळ बोजड निघाला!

याचे कारण उघड आहे. परवान्याने ब्रूस लीचे नाव मिळाले, मुद्रा मिळाली. अंथरुणास खिळूनही विचार लिहून काढणारी त्याची चिकाटी मिळाली नाही. ती परवान्यात लिहून देता येत नाही. खेळ रचणाऱ्याने ती आपल्या कामात स्वतः ओतावी लागते, आणि १९८४ च्या त्या ठिपक्यांच्या खेळात ती ओतलेली होती.

बालमित्रांनो, आपणही शाळेचे नाव गणवेशावर धारण करतो, घराण्याचे नाव आपल्या नावापुढे लावतो. ती नावे आपल्या आधीच्यांनी कमावली आहेत. आपणास ती आयती मिळाली. पालकांनीही मुलाच्या हाती नावाजलेली वस्तू देताना एवढे पाहावे, की त्याबरोबर रोजच्या मेहनतीची सवय आपण त्यास दिली आहे काय? वेष्टनावरील नाव पहिल्या दिवशी आनंद देते. दुसऱ्या दिवसापासून आतला माल बोलू लागतो.